काटो खंय?

दाजीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला बाहेर बघायची परवानगी नाही. रस्त्यात समुद्र लागो की जत्रा, त्याने एकच गोष्ट बघायची. स्टिअरिंगच्या मागे एक बारीक काटा आहे. गाडीतलं पाणी किती तापलं ते तो काटा दाखवतो. दाजी दर अर्ध्या मैलाला विचारतो, "काटो खंय?" म्हणजे काटा कुठे आहे. बसलेल्याने सांगायचं, "खाली आसा," नाहीतर "मधी आसा." कोण चुकून "वर चल्लो" म्हणाला, की गाडी असेल तिथे उभी. मग तो भरबाजार असला तरी.

आमच्या वाडीतला एक नवरा त्या गाडीतून लग्नाला गेला. चौदा किलोमीटर तो मुंडावळ्या बाजूला सारून काटा सांगत होता. मांडवात भटजींनी विचारलं, "मुलाचे मामा कुठे आहेत?" तर हा पाटावरून म्हणाला, "मधी आसा." भटजी मधल्या माणसाला उठवायला गेले. तो मांडवाचे खांब भाड्याने देणारा निघाला.

मी त्या गाडीतून अकरा वर्षं फिरलो, पण कायम मागे बसून. दुसऱ्याच्या गाडीचा काटा वाचत बसायला मी काही त्याचा गडी नाही. मी विहिरी खणणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत, पण जांभ्याच्या दगडावर कान ठेवून पाणी कुठे आहे ते सांगायचो. या खाडीच्या दोन्ही अंगांना चाळीसेक विहिरी माझ्या हातच्या आहेत. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. आबाच्या हातची बाव म्हटली की लोक पुढे काही विचारत नसत.

दाजी माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या परसाच्या मध्ये एक गडगा आहे, दगडांची बुटकी भिंत, तीही माझ्याच हातची. दाजीची सगळी हयात मासेमारीच्या लाँचवर इंजिनापाशी गेली. लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारायची आमच्यात पद्धत नाही. समुद्र सोडला तेव्हा गोव्याहून ही जुनी गाडी घेऊन आला. तेव्हाच ती तीस वर्षांची होती. रंग कुठला ते आता सांगता येत नाही.

लाँचवर त्याने खाऱ्या पाण्याने लोखंड कसं खाल्लं जातं ते जन्मभर बघितलं. म्हणून हा माणूस रेडिएटरमध्ये पाणी घालण्याआधी ते चाखतो. ओंजळीत घेतो, तोंडात घोळवतो, डोळे मिटतो. गोडं असलं तर गिळतो आणि मग गाडीला देतो. जरा मचूळ लागलं की थुंकतो आणि कॅन उलटा करतो. सगळ्या तालुक्यांतल्या विहिरी त्याला चवीने ठाऊक आहेत. वालावलच्या देवळाकडचं पाणी त्याला शहाळ्यासारखं लागतं. शिरोड्याच्या बाजूला गेला तर तिथला थेंब घेत नाही, मिठागरं जवळ म्हणून. कुडाळच्या गॅरेजवाल्याने एकदा त्याला सांगितलं की आता हिरवं पाणी मिळतं, ते घाला, इंजिन थंड राहतं. दाजी म्हणाला, "हिरव्या पाण्यात बेडूक होतत," आणि निघून आला.

उन्हाळ्यात त्याचे नियम आणखी वाढतात. नऊनंतर गाडी बाहेर काढत नाही. दुपारी समुद्राचा वारा फिरला की गाडी ढकलून तिचं तोंड वाऱ्याकडे करतो. बॉनेटवर ओलं गोणपाट. आणि चढ आला की मे महिन्यातसुद्धा गाडीचा हीटर चालू करतो. इंजिनाची धग त्या वाटेने बाहेर ओढली जाते म्हणे. ओढली जाते ती आपल्या पायांवर. आतली माणसं चुलीवरच्या फणसाच्या आठळ्यांसारखी उकडतात, पण काटा खाली येतो.

त्याचा एक शब्द आहे, "निवंदे." म्हणजे निवू दे, थंड होऊ दे. तापलेल्या इंजिनाला तो हात लावत नाही, तसा तापलेल्या माणसाशी बोलतही नाही. माझा आवाज चढला की "निवंदे" म्हणतो आणि घरात जातो. अर्ध्या तासाने बाहेर येऊन विचारतो, "आता बोल." तोवर काय बोलायचं होतं ते माझ्या ध्यानात राहत नाही. मला या सवयीचा फार राग होता.

या मे महिन्यात माझ्या नातीला, शुभाला, कोल्हापूरच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी लागली. पत्रात लिहिलं होतं की अमुक तारखेला दुपारी चारपर्यंत हजर व्हा, नाही आलात तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. ती आदल्या दिवशीच निघणार होती. मी थांबवलं. अमावास्या होती. मी म्हटलं, घरातली पहिली नोकरी, अमावास्येला पाऊल टाकायचं नाही. उद्या सकाळी जीप सांगतो, बाराला पोचशील. तिचा बाप ट्रॉलरवर होता, घरात माझ्या शब्दापुढे बोलणारं कोणी नव्हतं.

जीप आठला यायची होती. दहा वाजले तरी आली नाही. दिवस लग्नसराईचे, जीपवाल्याला मोठं भाडं मिळालं असणार. फोन उचलत नव्हता. कोल्हापूरची एस.टी. सकाळीच गेलेली. शुभा पायरीवर मांडीवर कागदांची फाईल घेऊन बसली होती.

मी गडगा ओलांडून गेलो. दाजी ओट्यावर सुपारी कातरत होता.

"दाजी, शुभाक कोल्हापुराक पोचवूक होया. चारच्या आत."

त्याने आधी उन्हाकडे बघितलं.

"घाट किती वाजता लागतलो?"

"एक वाजता."

"मे म्हयन्यात. एक वाजता. घाट." असं तो एकेक शब्द सुटा करून म्हणाला. मी उभा राहिलो. विनवण्या करायची मला सवय नाही. त्याने अडकित्ता मिटला आणि म्हणाला, "पाणी भरूक होया."

त्याने त्याच्या बावीचे पाच कॅन भरले. मी घरी येऊन माझ्या बावीचे दोन भरले आणि डिकीपाशी नेऊन ठेवले.

"ह्ये कित्याक?" दाजी म्हणाला. "पाच पुरे."

"माझ्या पाण्यात काय विष आसा?"

माझी बायको दारातून म्हणाली, "अहो, रवंदे मा ते कॅन." मी तिच्याकडे असं बघितलं की ती खाली बघायला लागली. दाजीने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा कॅनकडे.

"ठेव मागे," तो म्हणाला.

शुभा पुढे बसली, मी मागे. कणकवलीपर्यंत काटा खाली होता. पुढे मधी. वैभववाडीचा बाजार मागे पडला आणि दाजीने हीटर चालू केला. माझे पाय जळायला लागले. घाटाच्या पायथ्याला त्याने गाडी झाडाखाली घेतली, आम्हाला उतरवलं आणि बॉनेटवर हात ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवापुढे घालतात तसं, मोठ्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या म्हाताऱ्या गाडयेक तुझ्या घाटार घेवन चल्लंय..."

"व्हय म्हाराजा," शुभा म्हणाली. मी गप्प होतो, तर दाजी माझ्याकडे बघत थांबला. मला म्हणावं लागलं.

"तिच्या पोटातला पाणी पोटातच रवंदे, काटो मधीच रवंदे..."

"व्हय म्हाराजा." या वेळी बाजूने सायकल हातात धरून जाणारा एक दूधवालाही थांबून म्हणाला.

"आणि ह्या चेडवाक चारच्या आत पोचव रे म्हाराजा."

सव्वा वाजला होता.

दुसऱ्या वळणावर आमच्यापुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक आला. तो माणसाच्या चालीने चढत होता आणि बाजू देत नव्हता. दाजीची गाडी पहिल्या गिअरात कण्हायला लागली. वारा नाही, वर ऊन, आत हीटर.

"काटो खंय?"

"मधी आसा."

शंभर पावलं गेलो नाही तोच पुन्हा, "काटो खंय?"

"मधीच. वायच वर." शुभा वाकून वाकून बघत होती. ती म्हणाली, "दाजीनू, काटो तुमच्या नाकासमोर आसा. माकाच वाकून बघूचा लागता."

"माझे डोळे रस्त्यार. तू सांग."

मला हसू आलं असतं, पण मी घड्याळ बघत होतो. दीड वाजला.

"काटो खंय?"

शुभा आणखी वाकली. मग हळू आवाजात म्हणाली, "दाजीनू, वर चल्लो."

तेवढ्यात फस्स झालं. समोरची काच पांढरी झाली. दाजीने गाडी डोंगराच्या कडेला घेतली, उतरून चाकाखाली दगड लावला आणि गोणपाटाने धरून बॉनेट उचललं. वरचा रबरी पाईप बोटभर फाटला होता. ट्रक वळणापलीकडे गेला. मग घाटात आमच्या गाडीच्या खदखदण्याशिवाय आवाज राहिला नाही.

दाजीने डिकीतून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली, पाईपावर गुंडाळली, सुंभाने करकचून बांधली. हात भाजत होते तरी बांधली. मग गाडीच्या सावलीत उकिडवा बसला.

"पाणी घाल," मी म्हटलं.

"निवंदे."

"किती येळ?"

"ती सांगतली."

शुभा कठड्यावर बसली होती. पावणेदोन झाले. घाटमाथा अजून पंधरा मिनिटांवर, पुढे कोल्हापूर तासाभरावर. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शुभा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबा, आज दिवस बरो मा?"

एवढंच म्हणाली. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी खांद्यावरचा पंचा हातावर गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण फिरवायला गेलो. दाजीने माझं मनगट धरलं. त्या सुकलेल्या हातात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

"सोड."

"आबा, असाच झाकाण आमच्या लाँचवरच्या तांडेलान काढल्यान. मी बाजूक होतंय. तेचो चेरो गेलो, डोळे गेले." आवाज अजिबात चढवला नाही त्याने. "चेडू इस्पितळातच चल्ला. तुका घेवन जावचा नाय तिका."

मी हात काढून घेतला. वीस मिनिटं आम्ही तिघे त्या झाकणाकडे बघत होतो. वाफेचा सूर बारीक होत होत बंद पडला. मग दाजीने ओलं गोणपाट घालून झाकण जरासं सैल केलं, थांबला, आणखी जरासं केलं. इंजिन हळू चालू ठेवून थोडं थोडं पाणी घालायला लागला. दोन कॅन आत गेले आणि पाईपाच्या बांधणीतून खाली रस्त्यावर आले. त्याने बांधणी सोडली, दुसरी पट्टी घेऊन पुन्हा बांधली. तिसरा कॅन गेला, चौथा, पाचवा. तोंडाशी पाणी दिसेना. आजूबाजूला मे महिन्यातला डोंगर, झरे सगळे सुकलेले. शुभाची बाटली कधीच संपली होती.

"माझे दोन आसत," मी म्हटलं. म्हणताना मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी स्वतः जाऊन ते कॅन आणले.

दाजीने पहिल्या कॅनचं बूच काढलं. ओंजळीत पाणी घेतलं, सवयीप्रमाणे तोंडात घेतलं, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ घोळवलं. मग डोळे उघडून त्याने दरीत बघितलं, कठड्यावरच्या शुभाकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. मी छाती काढून उभा होतो.

त्याने गिळलं.

"कसा आसा?" मी विचारलं.

"गोडा आसा," तो म्हणाला. "आबाच्या हातची बाव ती."

आणि दोन्ही कॅन रेडिएटरमध्ये रिकामे केले.

चारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही इस्पितळाच्या फाटकात होतो. गाडी पुरती थांबायच्या आधी शुभा उतरून धावली. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, लांबूनच होय म्हणून मान हलवली. दाजीने बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा." मीही म्हटलं. कोणी सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर दाजीची गाडी बाहेर पडेना. गडग्यापलीकडून दिवसभर रहाटाचा आवाज यायचा. तो त्याच्या बावीचं पाणी काढून रेडिएटरमध्ये ओतायचा आणि खालून सोडून द्यायचा, पुन्हा ओतायचा. त्याच्या अंगणातून तांबडं पाणी वाहत माझ्या माडांपर्यंत आलं. मी गडग्यावरून विचारलं, "काय झाला रे?"

"म्हातारी झाली. गळता," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी त्याने रेडिएटर काढून कुडाळला डाग लावायला पाठवला. आणि ते चार दिवस मी वाडीत काय सांगत फिरत होतो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी सांगत होतो की दाजीचे पाच कॅन फुकट गेले, माझ्या दोन कॅनांवर गाडी कोल्हापूरला पोचली. वर असंही म्हणालो की त्याच्या बावीच्या पाण्यातच काहीतरी खोट असणार, म्हणून रेडिएटर गेला.

दुपारी जेवताना हेच बायकोला सांगायला लागलो. तिने वाढता वाढता डाव खाली ठेवला. आत जाऊन एक तांब्या आणला, बाहेर जाऊन दुसरा आणला.

"ह्या प्या."

प्यालो. आमचं रोजचं पाणी, गोड.

"आता ह्या."

तोंडात घेतलं आणि मला गिळता आलं नाही. समुद्रात बुडी मारून वर आल्यावर ओठाला लागतं तसं लागलं. मी अंगणात जाऊन थुंकलो.

"ह्या आपल्या बावीचा," ती म्हणाली. "दोन वर्सां झाली. चैत सरलो की खाडीचा पाणी आत शिरता. पिवचा पाणी मी दाजींच्या बावीचा आणतंय. दुपारचे तुमी निजलास की."

"दाजीक ठावक आसा?"

"तेनीच सांगल्यानी, आबाक सांगू नकात म्हणान. हळूहळू कळात, निवंदे, म्हणाले."

ती ताट उचलून आत गेली. त्या दुपारी मला झोप लागली नाही. माझ्या बावीवर जाऊन वाकून बघत बसलो. काठाचे चिरे अजून कालच बसवल्यासारखे सरळ आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडगा ओलांडून गेलो. गाडी आंब्याखाली होती, बॉनेट उघडं. रेडिएटरच्या जागी पोकळी, तिच्यातून पलीकडचं तुळशीवृंदावन दिसत होतं. दाजी आत, त्याच्या जागेवर बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर. सकाळी आठ ही त्याची गाडी काढायची वेळ.

"दाजी, पाणी खारा होता," मी म्हटलं.

"खंयचा पाणी?"

"माझा. घाटार घातलंस तां."

"माका गोडा लागला."

"खोटा बोलतंस. जन्मभर खाऱ्या पाण्यात काढलंस तू. तुका कळाक नाय?"

"आबा," तो म्हणाला, "निवंदे."

मी तसाच उभा राहिलो. या वेळी तो उठून घरात गेला नाही. मी गाडीला वळसा घालून गेलो, पुढचं दार उघडलं आणि बसलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सीट मधोमध खचलेली होती. तिथून काटा दिसत नाही. तो बघायला दाजीच्या खांद्यापर्यंत वाकावं लागतं. त्याला मात्र बसल्या जागी सरळ दिसतो, मान हलवायलाही नको.

आम्ही दोघे समोरच्या उघड्या बॉनेटकडे बघत बसलो. किल्ली घरात खिळ्याला लटकत होती, ती मला बसल्या जागेवरून दारातून दिसत होती.

"काटो खंय?" दाजीने विचारलं.

मी वाकून नीट बघितलं.

"खाली आसा."

"बघीत रव," तो म्हणाला.